हडळ माझ्या आवाजात हसते

सोम. ८ सप्टें. सातारा

आज फोनवरचा खेळ बंद पाडला. एकदा नाही, दोनदा.

पहिल्यांदा वाटलं फोनच गेला हातातला. घाबरून टेबलावर ठेवला. शेजारच्या टेबलावरची नाझनीन कानावरचा हेडफोन काढून ओरडली, "मावशी, पाडलात? कसा पाडलात ते लिहा आधी!" घरात कपबशी फुटल्यावर एवढं कौतुक झालेलं मला आठवत नाही.

कसा पाडला: मेंढ्या घेऊन ओढ्यात उतरले, अर्ध्यात माघारी फिरले, परत उतरले, परत फिरले. शहाणा माणूस असं करणार नाही, म्हणून टेस्टरनं करायचं. शेवटी मेंढ्या पाण्यावर उभ्या राहिल्या आणि पडदा काळा.

मग लिहून दिलं. काय केलं, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं. डॉक्टरला पोटदुखी सांगावी तसं. हे सगळं सांगलीला घरच्या गिरणीत बसून शिकले, दळण चालू असताना फोन पिठाच्या डब्याला टेकवून. व्हिडिओतल्या पोरांचं निम्मं इंग्रजी डोक्यावरून जायचं. मग तेच परत लावायचं. सातवी शिकलेली बाई, साठी कधीच उलटलेली, तिला इथं खेळ बनवणाऱ्या देवयानी मॅडमनी शिकाऊ टेस्टर म्हणून घेतलं. का घेतलं ते विचारायचं धाडस अजून केलेलं नाही.

आठवडाभर अक्काच्या घरी राहायचं म्हणजे थोरल्या बहिणीला रोजचा जाब देणं आलंच.

"काय केलंस गं दिवसभर?"

"बग काढले."

"काय बगितलंस?"

"बगितलं न्हाई. बग. खेळातली चूक. तिला बग म्हणत्यात."

"मग चूकच म्हण की. आनि चुका काढायचा पगार देत्यात व्हय?"

वर म्हणाली, "माज्या सासूनं फुकट केलं की गं हे काम जनमभर."

बुध. १० सप्टें.

आज खेळ सगळा फिरून पाहिला. म्हसवडकडच्या रानातून कळप कृष्णाकाठी न्यायचा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही खेळता यावा म्हणून सगळं तोंडानं. "चल" म्हटलं की कळप चालतो, "थांब" म्हटलं की थांबतो. वाट चुकली तर "हाय आजी" म्हणायचं, की आजी येते आणि वाट सांगते. फुकट नाही सांगत. दर हाकेला एक मेंढी ठेवून घेते. चलाख म्हातारी. मला आवडली.

ओढ्याकाठी एक हडळ आहे. गोड बोलून कळप पाण्यात नेते.

ही सगळी रचना सौरभची. हुशार पोरगा, सगळ्यांना वरचढ, मॅडमही त्याचंच ऐकतात. आज खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला. "आजी, आमच्या आजीला तुमचा आवाज द्याल का?"

मी म्हटलं, "गिरणीच्या पट्ट्यावरनं वरडून वरडून फाटलाय रं आवाज माजा."

"तसाच पाहिजे आहे."

रात्री अक्काला सांगितलं नाही. पोटात ठेवलंय.

शुक्र. १२ सप्टें.

दिवसभर नाझनीनच्या आवाज भरायच्या खोलीत. भिंतींना गाद्या लावल्यात, बोललेलं उशीत घातल्यासारखं वाटतं. कागदावरचं वाचायला लागले तर सौरभनं थांबवलं. "वाचू नका. नातवाला बोलता तसं बोला."

डोळे मिटले. ओम शाळेतून थेट गिरणीत यायचा, दप्तर टाकायचा, तोंड उन्हानं लाल. त्याला म्हणायचे तेच म्हटलं. "ये बाळा, ये. दमलास व्हय? बस माज्याजवळ."

डोळे उघडले तर नाझनीन ओढणीनं नाक पुसत होती. मिरजेची पोर, तिचीही आजी अशीच असणार.

मध्येच स्टूल घसरलं, पडता पडता वाचले आणि असं काही हसले की थांबता येईना. ती म्हणाली, "राहू द्या मावशी, हेही ठेवते."

सौरभ वाकून पाया पडला. खालच्या दुकानातून कंदी पेढे आणून वाटले. गुणी पोरगं.

रवि. १४ सप्टें. सांगली

सांगितलं. सगळ्या गल्लीला सांगितलं. हळदीच्या वखारीत कामाला जाणाऱ्या बाया दळण घेऊन आल्या, त्यांना तर दोन-दोनदा.

"म्हंजे काकी, आमी फोनमदनं तुमाला हाक मारायची?"

"मारा की. एक मेंढी द्यावी लागंल."

हसून हसून पीठ सांडलं. विजय म्हणाला, "आई, खेळ बाहेर तरी येऊ दे." पोराचा स्वभाव बापावर गेलाय. आनंदसुद्धा पावती घेऊनच करणार.

बुध. १७ सप्टें. सातारा

आज अक्षर बिघडणार.

सकाळी खेळाची नवी प्रत फोनवर आली. "हाय आजी" म्हटलं. आजी आली आणि कुठल्याशा पोरीच्या आवाजात बोलली. "नमस्कार बाळा, मी आहे ना." साखरेच्या पाकात बुडवून काढल्यासारखं. वाटलं, घाईत चुकीचा आवाज बसला. रीतसर बग लिहिला: आजीचा आवाज चुकीचा आहे.

मग ओढ्याकडे गेले. काठावर हडळ उभी. म्हणाली, "ये बाळाऽऽ ये... दमलास व्हयऽऽ..."

माझा आवाज. ओढून, खोल करून, विहिरीतून आल्यासारखा केलेला. ओमला बोललेले शब्द. आणि मग ती हसली. ते स्टुलावरचं हसू.

मागच्या टेबलावरची पोरं खदखदली. "मावशी, तुम्हीच! परत लावा ना!" कुणीतरी परत लावलं. मीही हसले. न हसून सांगते कुणाला.

दुपारी माझा बग परत आला. वर शेरा: चूक नाही, असंच हवं आहे. खाली सौरभचं नाव.

गुरु. १८ सप्टें.

विचारलं त्याला. पोरं बसलेली होती तिथंच विचारलं, चोरून विचारायला मी काही चोरी केलेली नाही.

"आजी, राग मानू नका," मान स्क्रीनवरच. "आजी प्रेमळ वाटली पाहिजे. तुमचं ते हाय-न्हाई-व्हय... पुण्यातल्या लोकांना हसू येतं. हडळीला मात्र एकदम फिट बसलं बघा."

हसले परत सगळे. नाझनीन नाही हसली.

"आणि एक," तो म्हणाला, "टेस्ट करताना नुसत्या आज्ञा द्या. बाकी बोलायचंच असेल तर ऑफिसात जरा शुद्ध बोलत चला. माइक चालू असतो."

मी म्हटलं, "बरं आहे."

आहे. 'हे'वर जोर देऊन.

गल्लीतल्या बाया आता ओढ्याकाठी जातील, आणि पोरांना सांगतील, ऐका, ही आपली गिरणीतली काकी. जिच्याकडे बघून लेकरं भितात ती. हे त्याला फेडायला लावलं नाही तर नावाची नाही.

शुक्र. १९ सप्टें.

त्याचं नाव पूर्ण लिहायला शाई घालवणार नाही. यापुढे सौ. बस. कुणाच्या हाती ही वही लागली तर वाटेल कुणाच्या घरची लक्ष्मी. वाटू दे.

सांगलीहून आणलेलं भडंग आज सगळ्यांना वाटलं. सौ.ला डब्याच्या तळाचं. दाणे वेचून काढले त्यातले आधी. मिरच्या ठेवल्या.

मंगळ. २३ सप्टें.

सौ.नं बांधलेल्या टेकडीवर दिवसभर होते. एकाही भिंतीला सोडलं नाही. कोपऱ्यात मेंढी दाबली की तिचं डोकं दगडात जातं. लिहिलं. झाडाच्या मागून गेलं की झाड दिसत नाही, नुसती सावली. लिहिलं. मेंढपाळाचं धोतर वाऱ्यानं उलट्या बाजूला उडतं. तेही लिहिलं, ठळक अक्षरात.

तो संध्याकाळी आला, डोळे तांबारलेले. "आजी, आज फारच काढलेत."

"शिकतेय बाळा."

दुपारी जेवला नव्हता. डबा तसाच बंद दिसला. मला त्याचं काय? तरी दिसलं ते दिसलं.

पण हे सगळं डास चावल्यासारखं. त्यानं दुरुस्त केलं की खेळ उलट चांगला होतो. माझ्या रागावर त्याचं पीक. असं नको. काहीतरी मोठं पाहिजे.

गुरु. २ ऑक्टो. दसरा

मिळालं.

सुट्टी. अक्काच्या घरी सोनं देऊन झालं, जेवण झालं. ती म्हणाली, "आण तो तुजा खेळ, बगू तरी." फोन हातात दिला. चल आणि थांब शिकवलं. अक्काला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपलं ऐकतंय असं झालं. "चल! थांब! चल म्हंते न्हवं! लय भारी हाय की गं."

आजी आली. नमस्कार बाळा, मी आहे ना. एक मेंढी गेली.

"हिला कुणी बलीवलं? कुटं हाय वाट?"

आजी परत. मेंढी गेली.

"अगं हितंच तर हाय मी! ही कशापायी मदी मदी येती?"

परत. परत. परत. अक्का बोलत गेली आणि कळप वितळत गेला. शेवटी रानात एकटा मेंढपाळ उभा. अक्का माझ्याकडे बघतेय. "माजं काय चुकलं गं?"

काही नाही अक्का, तुझं काही चुकलं नाही. हाका मारायला सौ.नं इंग्रजीतलं 'हाय' घेतलंय, पुढे 'आजी' नसलं तरी ती येते. आणि इथून म्हसवडपर्यंत आमचं एक वाक्य 'हाय'शिवाय संपत नाही. ऑफिसात हे कुणाला कसं दिसणार? पोरं कानाला हेडफोन लावून गप्प बसतात, आणि मला तोंड बंद ठेवायला सांगितलंय.

अक्काला चहा केला. दोन चमचे साखर जास्त घातली. तिला कळलंही नाही ती मला काय देऊन बसली.

शुक्र. ३ ऑक्टो.

आज मॅडमनी सगळ्यांना बोलावून सांगितलं. खेळाला पैसा लावणारे पुण्याचे पाहुणे रविवारी १२ तारखेला म्हसवडला येणार. त्यांना बघायचंय की खरे मेंढपाळ हा खेळ कसे खेळतात. गावातले वीस-पंचवीस जण जमवायचे, बायका-माणसं-पोरं, प्रत्येकाच्या हातात फोन.

माण तालुक्यातले मेंढके. म्हणजे बोलणार. म्हणजे हाय, हाय, हाय.

सौ. सर्वांसमोर उभा राहून खेळ दाखवणार. त्यासाठी नवा शर्ट घेणार म्हणे.

बग लिहायचं पान उघडलं होतं. कोरं ठेवून बंद केलं. जेवताना भूक लागली, किती दिवसांनी.

सोम. ६ ऑक्टो.

जिना चढत होते. वरच्या वळणावर सौ., पाठमोरा, फोनवर. मी पायरीवरच थांबले.

"व्हय आई. जेवलोय. न्हाई गं, बरं हाय माजं. तुजा गुडघा कसा हाय? औषिद घेतीस न्हवं? आता न्हाई जमायचं आटपाडीला यायला, लय काम हाय."

फोन ठेवला, वळला. मला पाहिलं.

"आजी, कधी आलात?"

"आत्ताच आले आहे."

म्हणजे ह्याला येतं. चांगलं तोंडभरून येतं. मला वाटत होतं शहरात वाढलेलं पोर, त्याच्या कानाला आमची बोली खरखरीत लागते, त्याला कळत नाही. आता तेही राहिलं नाही. आईशी बोलताना ती बोली प्रेमाची, आणि माझ्या तोंडून आली की हडळीची?

नाझनीन म्हणते, "मावशी, त्याला लाज वाटत असेल स्वतःचीच, म्हणून." वाटू दे. त्याची लाज त्यानं स्वतःच्या घरी ठेवावी. माझ्या तोंडावर का आणून टाकली?

आता तर अजिबात सांगणार नाही.

बुध. ८ ऑक्टो.

मॅडमनी आत बोलावलं. दार लावलं. वाटलं, कळलं.

"मावशी, रविवार नीट पार पडला की तुम्हाला कायम करते. टेस्टर म्हणून. तुमच्यासारखी चिकाटी नाही हो कुणात."

पाया पडायचं बाकी ठेवलं मी.

"आणि नाही पार पडला तर?"

हसल्या, पण नुसत्या ओठांनी. "तर दिवाळीनंतर हे ऑफिस नसेल. सगळ्यांना दुसरीकडे बघावं लागेल. कुणाला बोलू नका."

दुपारी नाझनीन डबा खाता खाता सांगत होती, वडील आता विचारायला लागलेत, पगार वाढला का, मुलगी आवाजाचं काम करते हे पाहुण्यांत सांगतात. मी माझा डबा झाकून ठेवला.

पान उघडलं. लिहिलं: बोलण्यात 'हाय' आलं की आजी येते आणि मेंढी जाते. वाचलं. पाठवायच्या बटणावर बोट नेलं.

तेवढ्यात मागच्या टेबलावर कुणीतरी हडळ लावली. दमलास व्हयऽऽ. सौ. म्हणाला, "आजी, तुमचे फॅन तुमचाच आवाज लावताहेत बघा."

पुसून टाकलं. अक्षर न् अक्षर पुसलं.

शनि. ११ ऑक्टो. म्हसवड

मॅडम, सौ., नाझनीन, मी आणि गाडीचा ड्रायव्हर तानाजी. वाटेत माळ, मधूनच ज्वारी. भक्तनिवासात दोन खोल्या मिळाल्या. पोचल्यावर सिद्धनाथाला जाऊन आलो. काय मागावं तेच सुचेना. हात जोडून उभी राहिले नुसती.

संध्याकाळी व्हरांड्यात मॅडम म्हणाल्या, एकदा कुणीतरी बाहेरचा माणूस खेळून बघू दे. सौ.नं तानाजीच्या हातात फोन दिला. मी खांबाला टेकून बसले. वाटलं, झालं. उद्याचं आजच झालं.

"चल," तानाजी म्हणाला. कळप चालला. सौ.चा चेहरा फुलला.

"आयला, लय भारी हाय की!"

नमस्कार बाळा, मी आहे ना.

"ही कोन? बरं, वाट कुटं हाय?"

नमस्कार बाळा.

"हितं हाय व्हय?"

नमस्कार बाळा.

"आवं साहेब, ही म्हातारी हाय का सावकार? सगळी मेंढरं खाल्ली की हिनं!"

नमस्कार बाळा, मी आहे ना. शेवटची मेंढी गेली.

सौ.नं फोन घेतला, स्वतः तोंडाजवळ नेला आणि हळूच म्हणाला, "हाय." आजी आली. सगळं कळलं त्याला. मुळात कळणाराच आहे तो. भिंतीला टेकला आणि खाली बसला.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "मावशी, एवढे दिवस तुम्ही हाच खेळ खेळताय. हे तुम्हाला दिसलं नाही?"

खोटं बोलता आलं असतं.

"दिसलं. दसऱ्याला."

"मग सांगितलं का नाही?"

मी सौ.कडे बघितलं. "मला ऑफिसात शुद्ध बोलायला सांगितलंय. शुद्ध बोललं की हा बग येत न्हाई. मला वाटलं, चूक न्हाई, असंच हवं आहे."

काय गार वाटलं म्हणून सांगू. वैशाखात डोक्यावर तांब्या ओतावा तसं. सौ.ची मान खाली ती खालीच.

पण नाझनीन उठली. चपला घातल्या. दारात थांबून म्हणाली, "मला तरी सांगायचं होतं मावशी. त्यानं केलं, मी नाही." आणि खोलीत गेली.

तेव्हापासून बोललेली नाही. आत हेडफोन लावून बसलीय, सौ. तिच्याशेजारी. मला कुणी बोलावलं नाही. तानाजीनं चहा आणून दिला, तेवढंच.

रवि. १२ ऑक्टो. म्हसवड, गाडीत बसून

दोघांनी रात्रभर बसून खेळात काय काय बदललं ते नाझनीननं सकाळी सांगितलं. माझ्याकडे न बघता, पण सांगितलं. 'हाय' काढून टाकलंय. आता "आजे" अशी हाक मारायची. पण खेळणाऱ्याला हे कळायला आजीनंच सुरुवातीला सांगायला हवं. त्या पाकातल्या आवाजाच्या पोरीचा फोन लागत नाही. म्हणून मग आजीचा सगळा जुना आवाज, माझा, परत बसवलाय. नाझनीननं तो टाकला नव्हता. फक्त ही एक ओळ त्यात नाही. ती आज, आत्ता, माझ्याच तोंडून यायला हवी.

पुण्याच्या पाहुण्यांच्या गाड्या आल्या. शाळेच्या पटांगणात माणसं जमलीत. फेटे, पोरं, काखेत लेकरं घेतलेल्या बाया. मॅडम सतरंज्या सारख्या करताहेत, सरळ असलेल्यासुद्धा.

मघाशी सौ. माइक घेऊन गाडीपाशी आला. नवा शर्ट, रात्रभर जागलेले डोळे.

"आजी, एकच ओळ."

"दोन अटी हायेत माज्या. हडळीतनं मला काढ."

त्यानं फोन पुढे केला. ओढ्याकाठी हडळ आता नाझनीनच्या आवाजात हसते. शेळीला ढेकर आल्यासारखी. पहिली अट बोलायच्या आधीच पुरी.

"आनि ऑफिसात सगळ्यांसमोर जे बोललास, ते आज ह्या सगळ्यांसमोर परत घे. आमची बोली हडळीला फिट बसती म्हनलास न्हवं? सांग ह्यास्नी. आनि मग सांग की चुकलं."

तोंडातल्या तोंडात म्हणाला, "चुकलं माझं आजी."

"मला आलं ऐकू. त्यास्नी न्हाई."

तो काही बोलायच्या आत त्याच्या मागून एक बाई लंगडत आली. हिरवं लुगडं, हातात फडक्यात बांधलेला डबा. आटपाडीहून पहाटेच्या गाडीनं निघाली म्हणे, पोराचा खेळ बघायला. त्यानं सांगितलं नव्हतं, कुणा भावकीतल्याकडून कळलं. सौ.चा चेहरा असा झाला की मला माझा विजय आठवला, शाळेत पकडला गेला तेव्हाचा.

बाईनं खिडकीतून माझा हात धरला. "तुमी ह्याच्या हापिसातल्या न्हवं? सांगतो मला, एक आजी हाईत, लय जीव लावत्यात. येळेवर जेवतोय का वो हा?"

लय जीव लावत्यात म्हणे. असं सांगितलंय त्यानं घरी.

तो माझ्याकडे बघत होता. एक शब्द बोलू नका, असं. आणि मला एक शब्द पुरे होता. बाई, ह्याला विचारा, तुमची बोली कुणाला शोभते. एवढंच म्हणायचं. किंवा काहीच न म्हणता त्यालाच पटांगणात उभं करायचं, पुढच्या सतरंजीवर आई बसलेली असताना. असा दिवस मागून मिळत नाही. पोटातला राग अजून गरम आहे, विझलाय असं नाही.

मी म्हटलं, "बसा बाई, सावलीत बसा आधी."

ती तिकडे झाडाखाली बसलीय. डबा मांडीवर. पोराकडे बघतेय.

सौ. गाडीच्या दाराशी उभा आहे. माइक माझ्या मांडीवर ठेवलाय त्यानं, लाल दिवा लागलाय. "आवं मावशी," असं म्हणाला आत्ता. आजी नाही, मावशी. आणि आवं. दुसऱ्या अटीचं मात्र अजून नाव नाही.

मी म्हटलं, थांब, लिहितेय. आणि लिहितेय. मुद्दाम सावकाश लिहितेय, प्रत्येक काना नीट ओढून. घाम येतोय त्याला.

मॅडमनी पटांगणातून दुसरी हाक मारली. लेकरं कंटाळून पळायला लागलीत. नाझनीन दुरून बघतेय, पहिल्यांदा बघतेय माझ्याकडे.

माइकमध्ये अजून माझ्या श्वासाशिवाय काही गेलेलं नाही.